सातवीनंतर काय? उत्तर प्रबंधांत शोधताना

उर्दू शाळेतली सातवी संपली, आता मुलीचे पुढे काय? हा प्रश्न आपल्या कितीतरी घरांत दर उन्हाळ्यात येतो. गेल्या वर्षी आमच्या भाचीबद्दल आमच्याही घरी तो आला. आठवीची जवळची शाळा मराठी माध्यमाची. खाला म्हणाल्या, "मराठीत मागे पडेल." मामू म्हणाले, "एवढं शिकली, पुरे झालं." मत प्रत्येकाकडे होते, माहिती कुणाकडेच नव्हती. तेव्हा आम्ही ठरवले, ज्यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला आहे त्यांचे लेखन वाचायचे.

कोल्हापुरात राहणाऱ्यांना हे अवघड नाही. शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहेच. मात्र बाहेरच्या वाचकांसाठीचे नियम आधी विचारून जावे. घरबसल्या पाहायचे तर 'शोधगंगा' आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या संग्रहात देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात.

पहिल्या दिवशी आम्ही इंग्रजीत 'मुस्लिम एज्युकेशन' एवढेच टाइप केले आणि नावांच्या ढिगाऱ्यात हरवलो. मग कळले, शोधणे म्हणजे नेमका शब्द सापडणे. आज ज्याला 'ड्रॉपआउट' म्हणतात, त्याला जुने अभ्यासक 'वेस्टेज अँड स्टॅग्नेशन' म्हणत. दोन्ही शब्द टाकून पाहावे. दोन-तीन शब्द एकत्रच हवे असतील तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे. मराठीतल्या प्रबंधासाठी देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत शोधावे.

परदेशातले संशोधन पाहायचे असेल तर अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा 'एरिक' हा संग्रह साठच्या दशकापासून चालू आहे. त्यात पूर्ण लेख उपलब्ध असलेल्या आणि तज्ज्ञांनी तपासलेल्या नोंदी वेगळ्या काढता येतात. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, या विषयावर तिथे बरेच काही आहे. पण ती मुले आपल्या मोहल्ल्यातली नाहीत, हे ध्यानात ठेवूनच वाचावे.

प्रबंध जाडजूड असला तरी घाबरू नये. शोधगंगेत प्रकरणे सुटी मिळतात. पहिले आणि शेवटचे प्रकरण आधी वाचावे आणि तीन गोष्टी पाहाव्या : अभ्यास कुठल्या भागातला, किती मुलींचा आणि कोणत्या सालचा. शिक्षण हक्क कायदा 2010 मध्ये लागू झाला. त्याआधीचे चित्र आज तसेच असेल असे नाही. एका गावातल्या थोड्या मुलींवरून सगळ्या समाजाबद्दल बोलूही नये.

वाचताना आमचा प्रश्नच बदलला. अभ्यासक माध्यमावर थांबत नाहीत. शाळा किती लांब, सोबत कोण, घरची मिळकत किती, आई किती शिकलेली, हे सगळे ते वेगवेगळे तपासतात. आम्हीही तशीच यादी केली. शाळा चालत जाण्याजोगी होती, शेजारच्या दोन मुली त्याच वाटेने जात होत्या. अडचण उरली ती फक्त मराठीची. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचीने रोज तासभर मराठी वाचले आणि जूनमध्ये ती आठवीत बसली.

याच शहरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंगची वाट मोकळी झाली. 1917 मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलांना शाळेची वाट त्यांनी करून दिली. त्या वाटेवर मुलीला सातवीनंतरही चालू द्यायचे की नाही, हे आपल्या घरात ठरते. ते ठरवण्याआधी आपणही थोडे वाचावे.