घाम चढणीला, हुडहुडी उतरणीला

इटलीच्या उत्तर टोकाला, स्वित्झर्लंडच्या सीमेला खेटून एक घाट आहे. नाव स्टेल्वियो. खिंडीची उंची २७५७ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी अकराशे मीटर रचायचे, तेव्हा ही खिंड येते, आणि तिथवर डांबरी सडक जाते. पोरांनो, ही सडक सायकलनं चढायला जगभरातून माणसं येतात. सुट्टी काढून, पदरचे पैसे घालून, धापा टाकायला! तुमच्या आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "का, तिकडं एसटी बंद आहे?" बंद कुठली, उन्हाळ्यात बस जाते की. तरी माणसं पायडल मारतात.

आज या घाटाची गोष्ट सांगतो. शर्यतीची नंतर, आधी उष्णतेची. घाट चढताना जो माणूस घामानं निथळत असतो, तोच थोड्या वेळानं उतरताना कुडकुडत असतो, दातावर दात वाजतात. दिवस तोच, माणूस तोच. मग मधे घडतं काय?

चला, प्राड गावातून निघू. उंची सुमारे ९०० मीटर. गाव इटलीत, पण लोक बोलतात जर्मन, कारण पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता. रस्ताही ऑस्ट्रियाच्या बादशहानंच करवून घेतला, १८२० ते १८२५ या काळात. कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनिअरनं तो आखला. आपला बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० चा, म्हणजे दोघे जवळपास एकाच वयाचे. तेव्हा मोटारी नव्हत्या. गाडी ओढायची घोड्यांनी. घोड्याला झेपेल एवढाच चढ ठेवायचा तर रस्ता सरळ वर नेऊन चालत नाही, डोंगराच्या अंगावर मागेपुढे फिरवत न्यावा लागतो. म्हणून प्राडच्या बाजूला ४८ हेअरपिन वळणं आहेत. चोवीस किलोमीटरभर शंभर मीटरला सरासरी साडेसात मीटर चढ. दोनेगानीनं जे घोड्याच्या छातीसाठी मोजलं, ते सायकलवाल्याच्या पायाला बरोब्बर लागू पडलं. वळणांना आकडे आहेत, तेही उलटे: खाली ४८ आणि माथ्याजवळ १. ही पाटी लावणारा दयाळू होता की खट्याळ, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुरुवातीला रस्ता दाट झाडीतून जातो. बहुतेक स्प्रूस, सरळसोट आणि काळपट हिरवे. ट्राफोई गाव येतं १५४० मीटरच्या आसपास, म्हणजे अजून आपण कळसूबाईच्याही खाली आहोत. मग लार्च दिसू लागतात. लार्च सूचिपर्णीच, पण शरद ऋतूत सोन्यासारखा पिवळा होऊन सगळी पानं गाळून टाकतो. त्याही वरच्या पट्ट्यात आल्प्समधला एक चिवट पाइन असतो. त्याची गोष्ट जरा थांबून ऐकण्यासारखी आहे.

या पाइनच्या बीला पंख नाहीत, वारा तिला उडवून नेऊ शकत नाही. शंकू आपणहून उघडतही नाही. मग वंश वाढायचा कसा? तर कावळ्याच्या गोत्रातला एक पक्षी आहे, नटक्रॅकर. तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके. तो चोचीनं शंकू फोडतो, डझनावारी बिया जिभेखालच्या पिशवीत भरतो आणि उडत जाऊन जमिनीत थोड्या थोड्या पुरून ठेवतो. अशा हजारो जागा! हिवाळ्यात वर हातभर बर्फ असला तरी नेमका तिथंच खणतो. बहुतेक जागा त्याला आठवतात. ज्या राहून जातात, तिथं झाडं उगवतात. एके काळी तिथले लोक त्याला बियाणेचोर समजून मारत असत. आणि तो बिचारा फुकटात जंगल लावत होता!

"आबा, आपण वर जातोय म्हणजे सूर्याच्या जवळ जातोय, मग गार का होतं?" धाकटीनं विचारलंच. अगं, सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर. त्यात दोन किलोमीटर इकडं काय नि तिकडं काय! हवा तापते ती मुख्यतः खालच्या जमिनीमुळं. तापलेली हवा वर चढते, वर दाब कमी म्हणून पसरते, आणि पसरताना थंड होते. अंगणात जा, सायकलच्या चाकाची वॉल्व दाबून हवा सोड आणि बोट समोर धर. गार लागेल. तेच इथं डोंगराएवढं मोठं होऊन चालू असतं. ढोबळ हिशेब, दर हजार मीटरला साडेसहा अंश. प्राडला २५ अंश असतील तर खिंडीत १३.

दोन हजार मीटर ओलांडले की झाडं मागं पडतात. उरतं गवत, दगड आणि मार्मोट. मार्मोट म्हणजे मांजराएवढी गुबगुबीत जंगली खार. झाडावर चढत नाही, बिळात राहते. सायकलवाला दिसला की शिट्टीसारखी ओरडते. वर्षातले सहा महिने ती झोपूनच असते, तेव्हा तिचं अंग बिळाइतकं गार पडतं आणि काळीज मिनिटाला मोजकेच ठोके देतं. थंडीचा प्रश्न तिनं असा सोडवला. आपल्याला ते जमणारं नाही.

आता धाप वाढलेली आहे. इथल्या हवेत प्राणवायूचा हिस्सा खालच्याएवढाच, २१ टक्के; पण हवाच विरळ. खिंडीत दाब समुद्रकाठच्या सत्तर-बहात्तर टक्केच. म्हणजे छातीभर श्वास घेतला तरी पदरात कमी पडतं. शरीर लगेच श्वास आणि ठोके वाढवतं. शिवाय मूत्रपिंडं मज्जेला निरोप धाडतात, लाल पेशी वाढवा! पण त्या वाढायला आठवडे लागतात, आणि आपल्याला तर जेवायला खाली पोचायचंय.

आता मांडू हिशेब. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरा. एवढं ओझं १८०० मीटर उचलायला लागतात साधारण ३४० किलोकॅलरी. पण आपले स्नायू भलते उधळे. जाळलेल्यातला चौथा हिस्सा पायडलवर पडतो, बाकी नुसती उष्णता. म्हणजे जाळायच्या चौदाशेच्या आसपास, आणि हजारावर अंगातच ताप म्हणून उरायच्या. बारा लिटरची बादली विहिरीच्या पाण्यानं भरा, तेवढं पाणी त्यात उकळेल! ही उष्णता बाहेर टाकायला घाम. एक लिटर घाम सुकताना ५८० च्या आसपास किलोकॅलरी घेऊन जातो. चढावर वेग ताशी दहा-बारा किलोमीटर, वारा लागत नाही, म्हणून माणूस निथळतो.

खिंड आली. समोर ऑर्टलरचं शिखर, ३९०५ मीटर, खांद्यावर हिमनदी. त्याचा खडक वीस कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला. आफ्रिकेकडून आलेला भूखंड युरोपवर आदळला तेव्हा वर उचलला गेला.

इथून उतार. पाय थांबले की अंगातली भट्टी जवळजवळ विझते. बनियन ओलं. वेग ताशी पन्नास-साठ, म्हणजे तेवढाच वारा छातीवर. घाम अजून सुकतोच आहे आणि उष्णता नेतोच आहे. फक्त आता नेण्याजोगी उरलेली नाही. म्हणून हुडहुडी. जुने शर्यतवाले यावर नामी उपाय करत. माथ्यावर उभ्या माणसाकडून वर्तमानपत्र घ्यायचं, घडी मोडायची आणि जर्सीत छातीवर कोंबायचं. कागद वारा अडवतो, घड्यांमधे अडकलेली हवा ऊब धरते. रविवारची पुरवणी असेल तर उत्तमच.

"आणि ते ३४० गेले कुठं?" थोरल्याचं लक्ष पैशांसारखं कॅलरीवर. उतरताना तेच परत मिळतात. काही वाऱ्याला जातात, बाकी ब्रेकला. वळणाआधी ब्रेक नीट दाबून सोडायचा. सतत घासत ठेवला तर तो आणि रिम इतके तापतात की टायर फुटू शकतो.

आता शर्यत. स्टेल्वियोच्या शेजारीच गावियाचा घाट आहे, उंची २६०० च्या वर. ५ जून १९८८, इटलीची कित्येक दिवस चालणारी मोठी शर्यत, जिरो. गावियावर बर्फ पडत होता. हॉलंडचा योहान फान डर फेल्डे अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत सगळ्यांत पुढं माथ्यावर पोचला. चढताना थंडी वाजलीच नव्हती ना! पण उतारावर हात बधिर, ब्रेक दाबता येईना. तो थांबला, एका गाडीत शिरून ऊब घेत बसला, आणि त्या दिवशी पाऊण तासाहून जास्त मागं पडला. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टनच्या संघानं सकाळीच दुकानातून स्कीवाल्यांचे जाड हातमोजे आणि टोप्या आणून ठेवल्या होत्या. त्या दिवसाची शर्यत जिथं संपत होती त्या बोर्मियो गावात तो दुसरा आला, पहिल्याच्या सात सेकंद मागं, आणि एकूण हिशेबात पुढं निघून आघाडीवाल्याची गुलाबी जर्सी त्याला मिळाली. आठवड्यानं, १२ जूनला शर्यत संपली, तेव्हाही ती त्याच्याच अंगावर होती.