दंड कुणाच्या पगारातून?

माहितीचा हक्क : लेखांक ७

अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली सरदार सरोवराच्या बुडितात जाणार हे ठरलं, तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचा होता. तो १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा निघाला. अक्कलकुवा-अक्राणीतल्या ३३ गावांचे प्रश्न साधे होते. पाणी कुठवर चढणार? बदली जमीन कुठे? उत्तरं सरकारी दप्तरात होती आणि ती मागायला कायदाच नव्हता. उलट १९८८ मध्ये गुजरात सरकारने धरणाच्या परिसराला शासकीय गुपिते कायदा लावला. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनाच्या तयारीवर कडक ताशेरे ओढले आणि पुढच्याच वर्षी बँकेने लोकांच्या तक्रारींसाठी तपासणी मंडळ स्थापलं. वॉशिंग्टनला जाब विचारण्याची सोय झाली, तहसील कचेरीला विचारण्याची नाही!

ती पुढे आली. १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झालेल्या माहिती अधिकार कायद्याचं कलम २० थेट अधिकाऱ्याच्या खिशाला हात घालतं. अर्ज घ्यायला नकार, विनाकारण उशीर, जाणूनबुजून चुकीची किंवा अर्धवट माहिती, मागितलेला कागद नष्ट करणं, यांपैकी काहीही घडलं तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००. कार्यालयाच्या तिजोरीला याची तोशीस नाही. आपलं वागणं वाजवी होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारीही अधिकाऱ्याचीच.

धडगावचा एखादा शेतकरी वनहक्काच्या फेटाळलेल्या दाव्यावरचा शेरा मागतो असं समजू. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि पोच घ्यायची. ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ असं ऐकून माघारी फिरलात, तर माहिती देण्याची तीस दिवसांची मुदत सुरूच होत नाही; सरळ स्पीड पोस्टाने पाठवावं. माहिती अधिकाऱ्याने कलम ५ खाली ज्या कारकुनाकडे कागद मागितला आणि ज्याने तो दाबला, तोही दंडाला पात्र ठरतो, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे. त्याला दंडाचा अधिकार नाही. तो राज्य माहिती आयोगाला, म्हणजे नंदुरबारकरांसाठी नाशिक खंडपीठाला. तिथे दुसऱ्या अपिलाची सुनावणी लागायला कितीही काळ जावो, दंडाचं मीटर शंभराव्या दिवशी थांबतं. कायद्यातली ही सर्वांत लंगडी बाजू म्हणावी लागेल.

आयोगालाही मोकळं रान नाही. नांदेडच्या राज्य उत्पादन शुल्क विभागातल्या एका अधिकाऱ्यावर शिस्तभंगाच्या कारवाईची शिफारस झाली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये रद्द केली. बाजू ऐकून, कारणं नोंदवूनच अशी शिफारस करता येते.

राहिलं ‘फाइल सापडत नाही’ हे हुकमी उत्तर. माहिती नाकारण्याची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये दिली आहेत. त्यांत हे नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावलं, की एके काळी असलेला कागद सापडत नसेल तर कसून शोध घ्यावा आणि जबाबदारी निश्चित करावी. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. नियम मोडून अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून हे उत्तर आलं की नवा अर्ज करावा : त्या फाइलचं आवक-जावक नोंदवहीतलं पान, ती शेवटी कुणाच्या ताब्यात होती त्याचं पदनाम, आणि कार्यालयाने घेतलेल्या शोधाचा अहवाल.

(पुढील आठवड्यात : न मागता जाहीर करायच्या १७ बाबी)