भोंग्याखालचं लोखंड

नवा भोंगा विकत आणला की खोक्यात त्याच्याबरोबर बहुतेक वेळा वाकवलेली एक पातळ पट्टी येते. मध्ये एक भोक, दोन बाजूंना दोन बोल्ट. जीपवर भोंगा बांधून गावोगाव पुकारा करायला किंवा मांडवाच्या खांबाला दोन दिवस लटकवायला ती पुरते. पण भोंगा ग्रामपंचायतीच्या स्लॅबवर, देवळाच्या गच्चीवर किंवा पाण्याच्या टाकीवर वर्षानुवर्षं राहणार असेल, तर तिच्यावर विसंबू नये. आपल्याकडे सर्रास विसंबतात. पट्टी गंजली की बाइंडिंग वायर येते, वायर सैलावली की नायलॉनची दोरी येते, आणि एका पावसाळ्यात भोंगा मान टाकतो. तोंड आभाळाकडे, आत पाणी, आणि खाली गावाला नुसती खरखर.

अॅम्प्लिफायर किती वॅटचा घ्यायचा यावर ग्रामसभेत तासभर चर्चा होते. भोंगा कशावर बसवायचा हे मात्र कोणी विचारत नाही. माझं मत असं, की गावाला शब्द कळतो की नाही हे निम्मं त्या लोखंडी बैठकीवर ठरतं. ती बैठक, म्हणजे ब्रॅकेट, तालुक्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात कशी घडते ते मी जवळून पाहिलं. पट्टी धरायला, खुणा करायला, शेवटी स्लॅबवर चढून कोन लावायला हातही लावला.

गाव कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातलं. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर या पट्ट्यानं पाहिले. पाणी चढायला लागलं की वीज जाते, मोबाइलची रेंज जाते. तेव्हा बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा अॅम्प्लिफायर आणि स्लॅबवरचा भोंगा एवढंच उरतं. एरवीही या जिल्ह्यात भोंग्याला मान आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद ठेवायची रीत सुरू केली, ती देशभर गाजली. आमच्या ग्रामपंचायतीला दोन भोंगे बसवायचे होते. तोंडाचा व्यास २० इंच, अॅल्युमिनियमचे, मागे आवाज निर्माण करणारं जड ड्रायव्हर युनिट. एकेकाचं वजन पाच-सहा किलो.

"पाच-सहा किलोला एवढं लोखंड कशाला?" असं सोबत आलेल्या सदस्यानं विचारलं. दुकानाच्या मिस्त्रींनी भोंगा उचलून तोंडाची बाजू त्याच्यासमोर धरली. "वजनाचं काय न्हाई वो. वारं बघा."

वाऱ्याचं गणित सरळ आहे. भारतीय मानकाच्या नकाशात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबईसाठी ४४. ताशी १४० आणि १५८ किलोमीटर. असं वादळ रोज येत नाही, पण बांधकाम त्याच्यासाठीच करायचं असतं. ३९ मीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन होतो. २० इंची तोंडाचं क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर. भोंग्याचं तोंड पोकळ, वारा त्यात कोंडतो, म्हणून सपाट पत्र्यापेक्षा ते जास्त ओढ घेतं. हे सगळं धरलं तर एका भोंग्यावर २५ किलोच्या आसपास आडवा रेटा येतो. वजनाच्या चारपट, तोही हिसक्याहिसक्यानं. दोन भोंगे दोन मीटर उंच पाइपावर असतील तर पाइपाच्या बुडाशी सगळा ताण एकवटतो. दीड इंची बी क्लास पाइप तिथं वाकायच्या बेतात येतो. दोन इंची, ३.६ मिलीमीटर जाडीचा पाइप निभावून नेतो. किमतीतला फरक थोडा आहे. मिस्त्रींनी गणित केलं नव्हतं, पण त्यांनी मागवला होता दोन इंचीच.

कामाला सुरुवात झाली ती मात्र लोखंडानं नाही, सुतळीनं. छताच्या हुकाला सुतळी बांधून भोंगा एका जागेवरून टांगला आणि त्याच हुकातून ओळंबा सोडला. ओळंब्याच्या रेषेवर खडूची खूण. मग भोंगा दुसऱ्या जागेवरून टांगला, पुन्हा ओळंबा, पुन्हा खूण. दोन रेषा जिथं एकमेकींना छेदतात तिथं भोंग्याचा तोल. ड्रायव्हर युनिटमध्ये लोहचुंबक असतो, त्यामुळे हा बिंदू तोंडापासून बराच मागे निघतो. या भोंग्यांवर कंपनीच्या पट्टीची भोकं त्याच्या पुढे पडत होती. म्हणजे भोंगा कायम मागच्या बाजूला झुकायला बघणार, आणि त्याला अडवणार फक्त आवळलेल्या बोल्टाचं घर्षण. बोल्ट रोजच्या थरथरीनं सैल होत जातो, ड्रायव्हर खाली बसतो, तोंड वर उठतं. गावोगावी आभाळाकडे पाहणारे भोंगे दिसतात त्यामागचं एक कारण हे.

उपाय साधा आहे. भोंग्याच्या मागच्या ओतीव भागावर कंपनीनं दिलेली भोकं आहेत तीच वापरायची, पातळ पत्र्याला नवं भोक पाडायचं नाही. त्या भोकांना दोन्ही बाजूंनी एकेक जोडपट्टी लावायची आणि ती मागे तोलाच्या बिंदूपर्यंत आणायची. झोका घेणारा मुख्य बोल्ट तिथं. असं केलं की भोंगा कुठल्याही कोनात ठेवला तरी तिथंच राहतो, बोल्ट सैल असतानाही. मिस्त्रींनी एका बोटानं तोंड खाली केलं, सोडलं. ते जागचं हललं नाही. मला सगळ्या कामातला हा क्षण फार आवडला.

मुख्य ब्रॅकेटला ४० बाय ५ ची पट्टी. मीटरला दीड किलोहून थोडी जास्त भरते. २६ सेंटीमीटर रुंद आणि २४ सेंटीमीटरचे दोन पाय असं माप निघालं. पट्टी कापताना बाहेरून मोजलेल्या मापांची नुसती बेरीज करून चालत नाही, कारण वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते. प्रत्येक वाकाला जाडीच्या दीडपट ते दुप्पट कमी धरायचं. खूण खडूनं नाही, टोकदार खिळ्यानं ओरखडून. खडूची रेघच दोन मिलीमीटरची असते. मग पट्टी वाइसमध्ये आवळून, वर पाइपचा तुकडा अडकवून हळूहळू रेटायची आणि शेवटचे ठोके हातोड्याचे. ठोके वाकाच्या अगदी जवळ पडले पाहिजेत, लांब पडले तर पाय कमानीसारखा होतो. प्रत्येक ठोक्यानंतर गुण्या लावून बघणं चाललं होतं.

भोकं वाकवल्यानंतर पाडायची. आधी पाडली तर वाकताना ती सरकतात आणि दोन पायांची भोकं समोरासमोर येत नाहीत. पंचानं ठिपका, मग ५ मिलीमीटरचं बिट, मग १०.५ चं. दोन्ही भोकांतून एक सरळ सळई आरपार घालून पाहिली, ती अडली नाही तेव्हाच पुढचं काम.

कोन बदलण्यासाठी एका पायाला कमानीसारखी खाच लागते. मुख्य बोल्टापासून १० सेंटीमीटरवर कंपासनं चाप काढला, ४० अंशांचा, म्हणजे लांबीला सात सेंटीमीटर. त्या चापावर एकाला एक लागून भोकं पाडली, मधले दात कानशीनं घासून काढले. वेळखाऊ काम आहे. बाजारातल्या तयार ब्रॅकेटमध्ये अशी खाच क्वचितच असते, आणि एवढी मेहनत कशाला असं कोणालाही वाटेल. पण खाचेतला दुसरा बोल्ट मुख्य बोल्टापासून दूर असल्यामुळे तो थोडासा आवळला तरी भोंगा फिरत नाही. कोन पक्का धरून ठेवायचं काम तोच करतो.

पाइपाला धरायला ६ मिलीमीटर जाडीची प्लेट आणि दोन यू बोल्ट, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. एकच यू बोल्ट असेल तर वाऱ्यानं ब्रॅकेट पाइपाभोवती फिरतं. प्लेट आणि पट्टीचा जोड वेल्डिंगचा. मिस्त्रींनी आधी चार कोपऱ्यांना टॅक मारले, समोरासमोर, आणि मगच थोडं इकडे थोडं तिकडे असा जोड भरला. एकाच बाजूनं सलग वेल्डिंग केलं तर लोखंड थंड होताना त्या बाजूला ओढलं जातं आणि इतका वेळ गुण्यानं राखलेला काटकोन हातचा जातो. पाइप जीआयचा होता. त्याला टोपी आणि तळाची प्लेट जोडण्यापूर्वी त्यांनी जोडाच्या जागेवरचं जस्त ग्राइंडरनं उडवलं, पंखा लावला आणि दुकानातल्या पोराला बाहेर पाठवलं. जस्त जळून निघणारा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगच्या कामात हा ताप नवा नाही, पण तो टाळण्यासाठी पोराला बाहेर काढणारे मिस्त्री थोडे आहेत.

चिपिंग हातोड्यानं पापुद्रा काढला, तारेचा ब्रश मारला, रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर ऑइल पेंटचे दोन हात. लोखंडाची पट्टी आणि अॅल्युमिनियमचा भोंगा जिथं टेकतात तिथं रबराचे वॉशर. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. कोकणात खाऱ्या हवेनं हे फार लवकर होतं. सगळे नट नायलॉक, म्हणजे आतून नायलॉनचं कडं असलेले, थरथरीनं न सुटणारे. सगळं मिळून एका ब्रॅकेटला चार किलोच्या आत लोखंड लागलं.

पाइप स्लॅबवर उभा केला, अँकर बोल्टनी तळाची प्लेट धरली, अर्थिंगची पट्टी जोडली. यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही. खरं काम त्यानंतरचं, भोंग्याचं तोंड लावायचं.

लांब आवाज पोचवायचा तर भोंगा उंच आणि आडवा हवा, असा समज आहे. आडव्या भोंग्याचा सगळ्यात चांगला आवाज लोकांच्या डोक्यावरून निघून जातो. भोंग्याचे खालचे सूर चहूकडे पसरतात, पण उंच सूर तोंडासमोरच्या निमुळत्या पट्ट्यातच राहतात. आणि शब्द कळतो तो उंच सुरांमुळे. प, त, क, स यांच्यातला फरक तिथंच असतो. बाजूला उभ्या माणसाला कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आमचे भोंगे जमिनीपासून ९ मीटरवर होते आणि रोख धरायचा होता ६० मीटरवरच्या चौकाचा. माणसाच्या कानाची उंची वजा करून कोन येतो सात अंश. अंश मोजायला यंत्र लागत नाही. अर्ध्या मीटरची सरळ पट्टी भोंग्याच्या अक्षाला लावायची आणि पुढचं टोक मागच्यापेक्षा सहा सेंटीमीटर खाली येईपर्यंत झुकवायचं. असं तोंड खाली असलं की पाऊसही आत राहत नाही.

दुसऱ्या भोंग्याच्या समोर सोसायटीच्या गोदामाची भिंत येत होती, तीही साठेक मीटरवर. आवाज तिथं आपटून परत यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, आणि तेवढ्यात पुढचा शब्द निघालेला असतो. ब्रॅकेट पाइपाभोवती थोडं फिरवून तोंड वस्तीच्या गल्लीकडे वळवलं. मग एकजण माइकवर बसला आणि आम्ही चौकात उभे राहिलो. त्यानं मनाला येईल त्या क्रमानं वाचायचं: पाणी, राणी, नाणी, वाणी, खाणी. ऐकणाऱ्यानं कागदावर लिहायचं. ‘हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग’ असं म्हणून काहीही कळत नाही, ते शब्द सगळ्यांना आधीच पाठ असतात. कोन लावल्यावर चौकातल्या म्हातारीनंसुद्धा पाणी आणि वाणी वेगळे ओळखले, तेही आवाजाचं बटण निम्म्यावर असताना.

हे बटण निम्म्यावर राहणं मला फार महत्त्वाचं वाटतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्यावर भोंगा बंद ठेवायला सांगितलं आहे. भोंगा हे मुळातच जोरकस यंत्र आहे. एक वॅट दिला तरी मीटरभर अंतरावर १०५ ते ११० डेसिबल देणारे भोंगे सर्रास मिळतात. शब्द कळत नाही म्हणून आवाज वाढवायचा, आणि वाढवल्यानं शेजारच्या आजारी माणसाची झोप उडवायची, हा प्रकार तोंड चुकीच्या दिशेला असल्यामुळेच पुष्कळदा होतो.

लोकांनी ऐकावं म्हणून भोंगा नीट लावणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने यांनी १९३१ च्या कराची काँग्रेसला लाउडस्पीकर पुरवले, आणि पुढे कित्येक सभांच्या छायाचित्रांत नेत्यांसमोरच्या माइकवर त्यांच्या कंपनीचं नाव दिसतं. मैदानात लाखभर माणसं बसलेली असताना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा तर खांब कुठे रोवायचा आणि भोंगा कुठे वळवायचा हे कोणाला तरी ठरवावं लागलं असणार. त्या माणसांची नावं छायाचित्रांत नाहीत.

सगळं आवळून झाल्यावर मिस्त्रींनी खिशातून साखळीचा तुकडा काढला. एक टोक भोंग्याच्या ओतीव भागाला, दुसरं पाइपाला, मध्ये थोडी ढील. ब्रॅकेट तुटलं तरी भोंगा खाली रस्त्यावर कोणाच्या डोक्यात पडणार नाही. ही साखळी मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

तुमच्या गावात, सोसायटीत किंवा देवळावर भोंगा असेल तर मे महिन्यात, पावसाळ्याच्या आधी, एकदा वर चढून बघा. वीज बंद करून चढा. पट्टी गंजली आहे का, नट हातानं फिरतो का, तोंड खाली आहे का आणि साखळी आहे का, एवढं पाहायला अर्धा तास पुरतो. साखळी नसेल तर त्याच दिवशी लावा.