वाळूची धूळ आणि धन्याचे कर्तव्य

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थ तरुणाला केलेला उपदेश दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात आला आहे. आईवडील, गुरू, पत्नी आणि मित्र यांच्याबरोबरच नोकराविषयी धन्याची पाच कर्तव्ये त्यात सांगितली आहेत. ताकद पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, चांगलेचुंगले वाटून खावे आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. आज मोठ्या कंपन्या कामगारांच्या आरोग्य व सुरक्षिततेचे धोरण म्हणून जे छापतात, त्याचा गाभा यात आहे. आम्ही येथे त्यातील एकाच बाबीचा विचार करणार आहोत, कारण ती आपल्या दाराशी आहे.

फोंडाघाट, कासार्डे या पट्ट्यात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. ही वाळू काचेच्या कारखान्यांना आणि ओतकामाच्या साच्यांना लागते. घाट चढून गेले की कोल्हापूरच्या फाउंड्र्या आहेतच. जिल्ह्यात काळ्या दगडाच्या खाणी आणि क्रशरही आहेत. या कामांवर मजुरीला जाणाऱ्या घरांतील मुले ही स्मरणिका वाचतील, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

सिलिका म्हणजे गारगोटीचेच द्रव्य. विद्यार्थी विचारतील, मग मालवणच्या किनाऱ्यावर जन्मभर वाळू तुडवणाऱ्याला काही का होत नाही? त्याचे कारण कणाच्या आकारात आहे. किनाऱ्यावरची वाळू जाड. ती नाकात गेलीच तर शिंकेवाटे बाहेर पडते. दगड फोडताना, सुकी वाळू चाळताना आणि पोती भरताना मात्र केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक कण उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. शरीरातील रक्षक पेशी त्यांना गिळतात आणि स्वतःच मरतात. तेथे व्रण पडतो, व्रणाची गाठ होते, फुप्फुस ताठर बनते. यालाच सिलिकोसिस म्हणतात. हा आजार बहुधा दहा-वीस वर्षांनी उघड होतो; धूळ फार दाट असेल तर काही महिन्यांतही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. पूर्ण बरे करणारे औषध अद्याप नाही. शिवाय अशा फुप्फुसात क्षयरोग लवकर शिरतो.

औषध नाही म्हणूनच सगळा भार प्रतिबंधावर येतो, आणि प्रतिबंध हे मुख्यतः धन्याचे काम आहे. ओली वाळू उडत नाही. छिद्र पाडताना पाण्याची धार, क्रशरवर फवारा, चाळणीला झाकण, धूळ ओढून घेणारा पंखा, रस्त्यावर पाण्याचा टँकर, या गोष्टी आधी. त्यानंतर कामाच्या पाळ्या आणि वैद्यकीय तपासणी. मास्क सर्वात शेवटी, आणि तोही बारीक धूळ अडवणारा; तोंडाला बांधलेल्या रुमालातून हे कण आरपार जातात. आपल्याकडे सुरुवातच बहुधा रुमालापासून होते आणि पुष्कळदा शेवटही तेथेच होतो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट बोगदा १९३०-३१ मध्ये खोदला गेला. पाणी मारून छिद्र पाडण्याची रीत तेव्हा माहीत होती, तरी काम उरकण्यासाठी सुकेच खोदले. शेकडो कामगार सिलिकोसिसने मेले. बोगद्यात उतरणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागातील कोळसा खाणींवर गेले, कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. पुढच्याच वर्षी कोळसा खाण कामगार कल्याण निधी उभा राहिला आणि १९४६ मध्ये अभ्रक खाणींसाठी तसाच कायदा झाला. निधीचा पैसा मालकाच्या मर्जीतून यायचा नव्हता. मालावर कर बसवून तो घ्यायचा होता. आमच्या मते यातच खरी मेख आहे. दिवाळीला मिठाईचा पुडा देणारा मालक दयाळू असेलही, पण फवारा बसवणे हा दयेचा प्रश्न नाही.

खाण अधिनियम १९५२ पासून सिलिकोसिस हा सरकारला कळवावयाचा आजार आहे. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. ठरवून दिलेल्या कामगारांची वार्षिक तपासणी विनामूल्य करणे आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे तीत मालकावर बंधनकारक आहे. नेमणूकपत्राला क्षुल्लक कागद समजू नये. सिलिकोसिसला नुकसानभरपाई मिळते, पण त्या धुळीत आपण काम केले हे सिद्ध करावे लागते. ठेकेदाराच्या वहीत नुसते 'चार गडी' लिहिलेल्या माणसाने ते कसे करावे? गुजरातमध्ये गारगोटी दळण्याच्या गिरण्यांत गेलेले मध्य प्रदेशातील आदिवासी मजूर या आजाराने मेले. त्यांपैकी २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. तोवर कमावती माणसे गेली होती. राजस्थानने २०१९ मध्ये स्वतंत्र धोरण करून रोगाचे प्रमाणपत्र मिळताच मदत देण्याची सोय केली, ती अधिक शहाणपणाची.

आणखी एक अडचण निदानाची. एक्स-रेवर सिलिकोसिस आणि क्षय यांच्या सावल्या सारख्या दिसू शकतात. रुग्ण क्षयाच्या गोळ्या महिनोन्महिने घेतो, दम काही कमी होत नाही. काही वेळा दोन्ही रोग एकत्रही असतात. डॉक्टर खोकला किती दिवसांचा हे विचारतात. काम कोणते हे विचारतीलच असे नाही. तेव्हा ते आपण होऊन सांगावे: खाणीवर की क्रशरवर, चाळणीवर की पोत्यांवर, किती वर्षे. कामावर लागताना काढलेला एक्स-रे आणि त्यानंतरचा प्रत्येक एक्स-रे तारखेसह घरात जपून ठेवावा. पहिली फिल्म हाताशी असेल, तर नंतरच्या फिल्मवरील डाग केव्हापासूनचा हे डॉक्टरांनाही सांगता येते आणि भरपाईच्या दाव्यातही दाखवता येते.