भूपृष्ठाच्या हालचालींचा वेध घेणारा ‘निसार’

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील अनेक बदल इतके संथ असतात की ते डोळ्यांना जाणवत नाहीत. भूजलाच्या अतिउपशामुळे काही शहरांखालची जमीन दरवर्षी काही सेंटिमीटर खचते, तर भ्रंशरेषेलगतच्या खडकांत भूकंपापूर्वी कित्येक वर्षे ताण साठत जातो. अशा बदलांची नोंद घेण्यासाठी भारताची ‘इस्रो’ आणि अमेरिकेची ‘नासा’ यांनी संयुक्तपणे तयार केलेला ‘निसार’ हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपित करण्यात आला.

छायाचित्रे टिपणाऱ्या उपग्रहांना सूर्यप्रकाश आणि निरभ्र आकाश लागते. रडार मात्र स्वतःच सूक्ष्मलहरी सोडून त्यांचे परावर्तन मोजत असल्यामुळे रात्री आणि ढगांआडूनही पाहू शकते, म्हणून मोसमी पावसाच्या प्रदेशात त्याचे मोल विशेष आहे. ‘निसार’वरील दोन रडारांपैकी सुमारे २४ सेंटिमीटर तरंगलांबीचे ‘एल’ पट्ट्यातील रडार दाट पर्णसंभारातून आत शिरते, तर आखूड लहरींचे ‘एस’ पट्ट्यातील रडार पिके व गवत यांतील फरक टिपते. एकाच भूभागाची दर १२ दिवसांनी पुन्हा पाहणी होते आणि दोन वेळच्या लहरींच्या कलेतील, म्हणजे चढउताराच्या स्थितीतील, फरकावरून जमिनीचे सेंटिमीटरभराचे विस्थापनही मोजता येते. या पद्धतीला व्यतिकरणमिती म्हणतात.

भूकंप नेमका केव्हा होईल, हे यातून सांगता येत नाही. परंतु धोका कोठे वाढत आहे हे कळते, आणि ही माहिती सर्वांसाठी विनामूल्य खुली असल्यामुळे नगरनियोजन व आपत्ती व्यवस्थापन करणाऱ्या यंत्रणांनी तिचा नियमित वापर केलाच पाहिजे.