गर्दीतला एक, आणि माझी तीन पावलं

शनिवारी पहाटे साडेचारचा अलार्म! तोही ट्रेक किंवा फ्लाइटसाठी नाही, चक्क एका पक्ष्यासाठी. घरच्यांनी वेड्यात काढलं. पण आदल्या रात्री मित्राचा मेसेज आला होता, ‘सीवूड्सच्या पाणथळीवर एशियन डॉविचर. येतेस?’

हे प्रकरण काय, ते आधी सांगते. हा चिखलात लांब चोच खुपसून जगणारा पक्षी. मंगोलिया, सायबेरियात घरटी करतो आणि हिवाळ्यात बहुतेक करून सुमात्राच्या बाजूला जातो. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर कधीमधी दिसतो. आपल्या मुंबईकडे मात्र तो वाट चुकलेला पाहुणाच.

भरतीला ठाणे खाडीतला चिखल बुडतो, आणि तिथे चरणारे पक्षी आतल्या उथळ तळ्यांवर विश्रांतीला येतात. त्यामुळे बर्डर मंडळी आधी भरतीची वेळ बघतात. सात वाजता आम्ही आठ जण बांधावर. मागे टॉवर्स, पुढे शेकडो गॉडविट्स. सगळे सारखेच करडे!

‘यातला आपला कुठला?’

ग्रुपमधले रिटायर्ड काका हसले. ‘अगं, आधी गॉडविट नीट बघ. जो गॉडविट नाही, तो आपोआप दिसेल.’

वीस मिनिटं गॉडविट्सच बघितले. चोच मुळाशी गुलाबी, टोकाला काळी. आणि मग... एक जरा बुटका. चोच सरळ, काळपट, टोकाला किंचित फुगीर. शिवणयंत्राच्या सुईसारखी खाली-वर, खाली-वर. सॉलिड!

इथेच थांबायला हवं होतं. पण मला फोटो हवा होता. मी बांधावरून खाली उतरले. एक पाऊल, दोन, तीन... आणि अख्खा थवा उठला. एक चक्कर मारून सरळ खाडीकडे.

पुण्याहून रात्रीच्या बसने आलेली एक मुलगी तेव्हा कुठे टेलिस्कोपला डोळा लावत होती. ती काहीच बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काका शांतपणे म्हणाले, ‘भरतीत त्यांना धड खायला मिळत नाही गं. अंगातल्या चरबीवर भागवतात. आपण उडवलं की तीच जळते. आणि परत जायचंय सायबेरियाला.’

दोन तास थांबलो. गॉडविट्स परतले. तो नाही.

निघताना त्या मुलीचा नंबर घेतला. ‘पुन्हा दिसला तर पहिला फोन तुला,’ एवढंच म्हणू शकले. त्यानंतरचे तीन रविवार मी तिथेच आहे. बांधावर, दुर्बीण घेऊन. कॅमेरा घरी.

जाणार असाल तर: ऑक्टोबर ते मार्च बेस्ट. भरतीच्या तासभर आधी पोहोचा. मळकट रंगाचे कपडे, ८×४२ची दुर्बीण. आणि प्लीज, बांध सोडू नका!