ऑफर लेटर आले, पैसे कुठून? परदेशात विवाद निराकरण शिकू पाहणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासिकेतील एका तरुण वकील मुलीला लंडनच्या एका विद्यापीठाचे ऑफर लेटर आले. विषय होता आंतरराष्ट्रीय विवाद निराकरण. वस्तीत पेढे वाटले गेले. पण जागा पक्की करण्यासाठी अनामत रक्कम भरायची तारीख मे महिन्यातली होती आणि सरकारी शिष्यवृत्तीची निवड यादी तोवर लागलेलीच नव्हती. घरात तेवढे पैसे नव्हते. जागा गेली. तिच्या गुणांत किंवा इंग्रजीत काही कमी नव्हते. चूक आमची होती. ‘आधी प्रवेश मिळव, पैशाचे नंतर बघू’ असे आम्हीच तिला सांगितले होते. ती चूक दुसऱ्या कुणाच्या बाबतीत होऊ नये म्हणून हा लेख.

हा विषय नेमका काय आहे?

दोन कंपन्यांत, एखादी कंपनी आणि सरकार यांच्यात किंवा दोन देशांत वाद झाला, तर तो कोणत्या देशाच्या कोर्टात न्यायचा? यावर जगाने शोधलेले मुख्य मार्ग म्हणजे लवाद, मध्यस्थी आणि आंतरराष्ट्रीय न्यायालये. १८७२ मध्ये जिनिव्हात बसलेल्या लवादाने ‘अलाबामा’ जहाजाच्या प्रकरणात ब्रिटनला अमेरिकेला भरपाई द्यायला लावली. आज त्याच शहरात जागतिक व्यापार संघटनेची तंटा निवारण व्यवस्था आहे. तिथले ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट आणि जिनिव्हा विद्यापीठ मिळून या विषयाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवतात. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात १९८५ पासून आंतरराष्ट्रीय लवादाचे स्वतंत्र केंद्र आहे.

इथे पहिली गल्लत होते. हे अभ्यासक्रम बहुतेक कायद्याच्या पदवीधरांसाठी असतात. तुमच्याकडे बीएसडब्ल्यू किंवा समाजशास्त्राची पदवी असेल, तर ‘शांतता आणि संघर्ष अभ्यास’ हा शेजारचा विषय बघा. स्वीडनमधील उप्साला आणि इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड ही त्यासाठी जुनी, नावाजलेली विद्यापीठे आहेत.

आपल्या मुलांनी हे का शिकावे? भारताने २०१९ मध्ये मध्यस्थीविषयीच्या सिंगापूर करारावर सही केली आणि २०२३ मध्ये मध्यस्थी कायदा केला. मुंबईत २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. या टेबलांभोवती कोण बसणार, हा प्रतिनिधित्वाचाच प्रश्न आहे. शिवाय कोणता वाद मिटवायचा असतो आणि कोणता मिटवायचा नसतो, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार? अत्याचाराच्या गुन्ह्यात ‘आपसात मिटवून टाका’ म्हणणारे गावोगावी भेटतात. फौजदारी खटल्याचे प्रकरण मध्यस्थीत बसत नाही, हे २०२३ च्या कायद्यातही आहे. हे ठामपणे सांगू शकणारा प्रशिक्षित माणूस आपल्याला हवा आहे.

अर्जाची तयारी

अर्जाला साधारण चार गोष्टी लागतात: विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, दोन शिफारसपत्रे, इंग्रजीची परीक्षा आणि स्वतःविषयीचे निवेदन. ट्रान्सक्रिप्टला आपल्या विद्यापीठांत कित्येक आठवडे जाऊ शकतात, म्हणून ती सर्वात आधी मागवा. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षे चालतो, तेव्हा परीक्षा लवकर दिली तर नुकसान नाही. शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या माणसाचे नको, तुमचे काम पाहिलेल्या माणसाचे घ्या.

निवेदनात आपली मुले गरिबीचे वर्णन करून थांबतात. त्याऐवजी केलेले काम लिहा. सामाजिक बहिष्काराच्या प्रकरणात २०१६ च्या कायद्याखाली तक्रार लिहून दिली असेल, पाण्याच्या वादात दोन्ही बाजूंना एकत्र बसवले असेल, तर तोच तुमचा अनुभव आहे. तुम्ही काय केले, काय फसले आणि म्हणून काय शिकायचे आहे, एवढे सरळ सांगा.

पैसा: चार वाटा

पहिली वाट राज्याची. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ७५ जागा आहेत. तिच्या अटी बदलत राहिल्या आहेत. २०२४ मध्ये ७५ टक्के गुणांच्या अटीविरुद्ध विद्यार्थ्यांना लढावे लागले होते. म्हणून मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा.

दुसरी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती. एकूण १२५ जागा, त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत, पदवीला किमान ६० टक्के गुण आणि वय ३५ च्या आत, या मुख्य अटी. कायदा हा विषय यात बसतो. विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असावे लागते. छोट्या विशेष संस्थांचे नाव या क्रमवारीत असेलच असे नाही. म्हणून दोन संस्था मिळून पदवी देत असतील, तर पदवीवर कोणाचे नाव येते ते आधी विचारा.

निवड झाली म्हणजे पैसा आला, असेही नाही. २०२५ मध्ये या योजनेत १०६ जण निवडले गेले, पण जुलैमध्ये सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रे मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यावर बघू, असे उत्तर होते. आणखी एक हिशेब: इंग्लंडसाठी या योजनेचा निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड आहे. लंडनमध्ये शिकणाऱ्याकडे नऊ महिन्यांच्या राहणीसाठी किती पैसे हवेत, याचा खुद्द ब्रिटिश व्हिसा विभागाचा आकडा १३ हजार पौंडांहून अधिक आहे. म्हणजे शिष्यवृत्ती मिळूनही लंडन महाग पडते. लंडनबाहेरचे चांगले विद्यापीठ निवडण्यात कमीपणा नाही.

तिसरी वाट कार्यकर्त्यांनी जरूर बघावी: ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती. दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा, आणि त्यात स्वयंसेवी कामही धरतात. अर्ज ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास भरायचा असतो, तेव्हा हातात प्रवेश नसला तरी चालतो. फी, निर्वाह आणि विमान प्रवास मिळतो. शिक्षण झाल्यावर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते.

चौथी वाट कर्जाची. मोठ्या कर्जाला बँक तारण मागते आणि आपल्याकडे तारण ठेवायला बहुतेकदा आईवडिलांचे राहते घरच असते. ते गहाण टाकण्याआधी घरात बसून, हप्त्याचा आकडा कागदावर लिहून निर्णय घ्या. आमच्या मते पूर्ण खर्च कर्जातून करून जाणे शहाणपणाचे नाही.

दाखल्याचा घोळ

राज्याच्या योजनेला ‘नवबौद्ध’ दाखला चालतो, पण केंद्राला केंद्रीय नमुन्यातील अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र लागते आणि त्यात मूळ जातीचा उल्लेख असावा लागतो. बौद्धांना केंद्रात हा हक्क १९९० च्या दुरुस्तीने मिळाला आहे. खिडकीवरचा कारकून ‘बौद्ध म्हणजे अनुसूचित जाती नाही’ म्हणाला, तर तो चुकीचा आहे. पण त्याच्याशी वाद घालण्यात जून-जुलै जाऊ देऊ नका. प्रमाणपत्र आधीच्या दिवाळीतच काढून ठेवा.

क्रम असा ठेवा

जायच्या आधीच्या वर्षी उन्हाळ्यात पासपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट आणि दाखले. पावसाळ्यात इंग्रजीची परीक्षा आणि चिव्हनिंगचा अर्ज. हिवाळ्यात विद्यापीठांचे अर्ज, तेही शिष्यवृत्तीसाठी दिलेल्या आधीच्या तारखेच्या आत. ऑफर आली की लगेच दोन विनंत्या लिहून पाठवा. पहिली, सर्व अटी काढलेली ऑफर द्या, कारण केंद्राच्या शिष्यवृत्तीला तीच लागते. दुसरी, सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज केलेला असल्याने अनामत रक्कम माफ करा किंवा मुदत वाढवा. नाहीच जमले, तर प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलण्याची विनंती करा. अनेक विद्यापीठे यातले काहीतरी मान्य करतात. आमच्या त्या मुलीने हे मागितलेच नव्हते, कारण असे मागता येते हे आम्हालाही माहीत नव्हते.

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. नोकरी करून, पैसे साठवून, मित्राकडून उसने घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि शिक्षण पुरे केले. आमची ती मुलगी या वर्षी पुन्हा अर्ज करते आहे. या वेळी तिच्या फाइलमध्ये सर्वात वरचा कागद निवेदनाचा नाही, तारखांचा आहे. तुम्हीही तुमचा तो कागद आजच करा.